जी सही पडद्यावर चालत नाही

मी, लुडविक सेदलाचेक, वय सत्तावन्न, राहणार मिलर्स फोर्क, नेब्रास्का. गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही, दारूही घेतलेली नाही. माझ्या पश्चात काय कुणाचे, ते येथे लिहून ठेवतो. याआधीचे सर्व कागद रद्द समजावेत.

१. घर, मागची आलुबुखारची झाडे आणि बँकेतील शिल्लक कोरीनला. कोरीन ही माझी दिवंगत पत्नी व्हेरा हिची पहिल्या लग्नाची मुलगी. दत्तकाचे कागद व्हायचे राहिले. त्यामुळे हे मृत्युपत्र चुकले, तर कायद्याने सगळे माझा थोरला भाऊ एमिल याला जाईल. म्हणून इथे चूक चालणार नाही.

२. कोरीन अलास्काहून फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही जगाचे कागद कॅमेऱ्यावर नोटरी करता, मग स्वतःचाच का नाही?" नाही होत, बाळ. खरेदीखत, मुखत्यारपत्र, प्रतिज्ञापत्र, मुलांच्या प्रवासाचे संमतीपत्र हे सारे पडद्यावर होते. ते मी पुस्तके वाचून शिकलो, आणि माझा एकही कागद परत आलेला नाही. पण आमच्याकडे मृत्युपत्राला ती सोय नाही, आणि स्वतःच्या सहीवर स्वतःचा शिक्का तर कुठेच चालत नाही. दोन साक्षीदार हाडामांसाचे, समोर बसलेले हवेत.

३. कॅमेरा व दिवा गावच्या वाचनालयाला. बँकेतील नोटरी डार्लीनबाईंना देणार होतो, मला 'टीव्हीवाले' म्हणतात म्हणून. पण आज शिक्का त्याच मारणार, तेव्हा त्यांना लाभ नको.

४. एमिलला काहीही नाही. माझ्या लग्नात तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "दुसऱ्याची पोर पोसायची भारी हौस तुला!" तेव्हापासून बोलणे बंद.

५. (सहीपूर्वी हाताने लिहिलेले.) शेजारीण ओपल आली. दुसरा साक्षीदार बर्फामुळे अडकला, आणि उद्या मला इस्पितळात दाखल व्हायचे. डार्लीनबाईंनी मला न विचारता एमिलला फोन केला. तो ट्रॅक्टर घेऊन आला.

मी म्हणालो, "आधी चौथे कलम वाच. इथे सही केलीस की घर गेलं तुझ्या हातून."

"वाचता येतं मला. अक्षरं तुला मीच शिकवली होती. पेन दे."

"टीव्हीवाले, भांडण मागाहून करा," डार्लीनबाई म्हणाल्या, "मला अंधाराआधी घरी पोचायचंय."

चौथे कलम खोडत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, एवढे मला कळते. म्हणून ओपलने भाजून आणलेले 'कोलाचे', म्हणजे फळांचे गोड पाव, डब्यासकट त्याला आत्ताच, जिवंतपणी दिले. दोन त्याने उभ्याउभ्याच खाल्ले.

वर लिहिलेले मी पुन्हा वाचले, ते माझेच आहे.

लुडविक सेदलाचेक
मिलर्स फोर्क, १० जानेवारी २०२३

साक्षीदार १: ओपल ट्रुएट. माझ्यासमोर सही झाली.

साक्षीदार २: एमिल सेदलाचेक. माझ्यासमोर सही झाली. लुडविक पूर्ण शुद्धीवर आहे. घर त्याच्या मुलीचं आहे.

नोटरी: डार्लीन क्राटोचविल (शिक्का)