आमच्या घरच्या दोन सह्या

मी, वसुधा शिरीष मालशे, वय एकाहत्तर, निवृत्त इतिहास शिक्षिका, मूळची पुण्याची, सध्या मुलाकडे टॅम्पिनीस, सिंगापूर येथे राहणारी, स्वखुशीने लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मी संतापलेली आहे, पण त्याने मृत्युपत्र रद्द होत नाही, हे विचारून घेतलं आहे.

१. कर्वेनगरचा फ्लॅट एकुलत्या एका मुलाला, अमेयला. पुढचं वाचून त्याला वाटेल की मी त्याला शिक्षा करते आहे. तसं असतं तर फ्लॅट दिला नसता.

२. पाटल्या नात जाई हिला. "सो हेवी लाह, आजी," असं इथल्या इंग्रजीत म्हणाली तरी तिलाच.

३. माझे वडील विनायक नौदलात खलाशी होते. १९४६ साली मुंबईच्या बंदरात खलाशी उठले, कारण जेवण खाण्यालायक नव्हतं आणि गोरे अधिकारी शिव्या घालत. सरकारने बंदुका आणल्या. वडिलांना काढून टाकलं, त्या कागदावर त्यांची सही घेतली. पुढे स्वराज्य आलं, तरी आपल्या सरकारनेही त्यांना परत घेतलं नाही. अठ्ठावीस वर्षं मी वर्गात सांगत आले: सरकार आधी काठी काढतं, मग समिती नेमतं, आणि जेवणाचं काय झालं ते कोणी विचारत नाही.

४. मागच्या डिसेंबरात इथल्या लिटिल इंडियात एक भारतीय मजूर बसखाली गेला आणि दंगल झाली. गाड्या जाळणं वाईटच. पण आमच्या इमारतीखाली बेंचवर बसून रविवारी डबा खाणाऱ्या चौघांनी काय केलं होतं? शेजारची इमारत बांधत होते, एवढंच. तरी रहिवाशांनी अर्ज केला, बेंच काढा. सह्या अमेयने गोळा केल्या. "आई, सेफ्टीचा प्रश्न आहे गं." महिन्यात बेंच गेले. आता ते चौघं गटाराच्या कडेला उन्हात बसून जेवतात. लाज वाटते मला.

५. लाज वाटते, कारण त्या अर्जावरची तिसरी सही माझी आहे. अमेय माझ्या इथे राहण्याच्या पासचे कागद आणतो, बोट ठेवतो, मी सही करते, तशीच हीही केली. न वाचता सही करू नका, हे पोरांना बजावणारी बाई मी. सही मागे घेण्यासाठी इमारतींची देखभाल बघणाऱ्या कार्यालयाला पत्र लिहिलं. नम्र उत्तर आलं की काम पूर्ण झालं आहे.

६. म्हणून वडिलांचा तो काढून टाकल्याचा कागद जाईला, आणि त्याला त्या अर्जाची प्रत टाचून. दोन्ही कधीही वेगळे करू नयेत. जाई, दुसऱ्या कागदावर आपल्या घरची सही कोणाची असं कोणी विचारलं तर अमेयचं नाव पुढे करू नकोस. आजीची, असं सांग.

खालील दोन्ही साक्षीदार शेजारी आहेत आणि त्या अर्जावर त्यांच्याही सह्या आहेत. इथे मात्र सही करण्याआधी मी त्यांना सगळं मोठ्याने वाचायला लावलं. पाचव्या कलमाला सुबोध थांबले, चष्मा पुसला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

सही: वसुधा शिरीष मालशे
साक्षीदार: १. सुबोध कर्णिक  २. उल्का देवस्थळी
टॅम्पिनीस, सिंगापूर. रविवार, १४ सप्टेंबर २०१४