शुभेच्छुक : समस्त ग्रामवासी

रविवार, ७ डिसेंबर

प्रिय प्रफुल,

जय भीम, आणि ताईचे आशीर्वाद.

दिल्लीत थंडी फार, धूर त्याहून फार, असं टीव्हीवर दाखवतात. मफलर वापर, नुसता खुर्चीच्या पाठीला टांगून ठेवू नकोस. इकडे धान निघालं, पोती घरात आली, आता रोज कुठल्या ना कुठल्या गावात नाटक लागतं. दिव्यानीची दहावी आहे, ती पुस्तक पुढ्यात घेऊन बसते, वाचते की नाही ते तिला ठाऊक. तुझे भाऊजी राजुऱ्याला खाणीवरच आहेत, सुट्टीला येतात. मी बरी आहे.

पत्र कशाला लिहिते म्हणशील. फोनवर तू म्हणतोस, "ताई, साहेब बोलावतात, पाच मिनिटांत करतो," आणि तुझी पाच मिनिटं दिवाळीपासून संपलेली नाहीत. कागद मधेच कट करता येत नाही.

तुझ्या खासदारसाहेबांचं भाषण पाहिलं. पूर्ण पाहिलं, आधीच्या लोकांचंही. आत्महत्या रोखण्याच्या कायद्यात बदल करायचे तर किती माणसं किती तऱ्हेनं बोलतात! एक जण म्हणाला, पोलिसांचा धाक पाहिजेच, धाक गेला तर प्रमाण वाढेल. एक बाई म्हणाल्या, प्रत्येक तालुक्याला मनाचा एक तरी डॉक्टर द्या. त्यावर मागून कोणीतरी हसलं. कशाला हसलं ते मला अजून कळलेलं नाही. मग तुझे साहेब उठले. आपल्या जिल्ह्याचे नाहीत, तरी आपल्या गावाचं नाव त्यांनी बरोबर घेतलं, म्हणजे तू त्यांच्याकडून घोकून घेतलं असशील.

भाषण चांगलं होतं. लहानपणापासून तुझ्या हातात लिखाण आहे, ते मी नाकारत नाही.

थांब, दुधाचं भांडं ठेवलं होतं.

हां. तर गावात काय झालं ते सांगते. उपसरपंच डोमाच्या मोबाइलवर कोणीतरी भाषणाचा तुकडा पाठवला. तुकडाच. त्यात साहेब आपल्या गावाचं नाव घेतात आणि म्हणतात, "वहाँ की एक आंगनवाड़ी सेविका, एक बेटी की माँ..." आणि तिथेच तुकडा संपतो. आता आपल्या गावात अंगणवाडी एक, सेविका एक. डोमाला वाटलं, माझ्या कामाचं कौतुक झालं दिल्लीत. तू ओळखतोस त्याला, वाढदिवस असो की तेरवी, त्याचा हात आधी बॅनरवाल्याच्या नंबरकडे जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात चिंचेच्या झाडापुढे ही एवढी फ्लेक्स! वर माझा हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातला फोटो, हातात पोषण आहाराची थाळी. खाली मजकूर: "देशाच्या संसदेत गावाचे नाव उज्ज्वल केल्याबद्दल सौ. हर्षाताई यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : समस्त ग्रामवासी." आणि त्याखाली सरपंचापासून पानठेलेवाल्यापर्यंत सगळ्यांचे गोल गोल चेहरे. डोमाचा सगळ्यात मोठा.

लोकांनी मला पेढेसुद्धा दिले, प्रफुल. मी खाल्ले. मला तोवर माहीतच नव्हतं कशाचे.

संध्याकाळी कोणीतरी पूर्ण भाषण शोधून काढलं. मग चौकातली माणसं एकेक करून घरी निघून गेली.

तू त्याच संध्याकाळी फोन केलास. "ताई, ऐकलंस? बाकं वाजवली लोकांनी! मीच लिहिलं होतं." मी म्हटलं, माझं का लिहिलंस? तर म्हणालास, "नाव कुठी घेतलं?" नाव घ्यायचं काय राहिलं होतं रे? दवाखान्यात माझ्या खाटेजवळ बसून तू शब्द दिला होतास, कोणाला सांगणार नाही. शेजारणीला सांगितलं असतंस तरी चाललं असतं. तू एकदम देशालाच सांगितलंस.

मला तुझा राग आला आहे. साधा नाही, पुष्कळ.

आणि सांगितलंस ते तरी खरं सांगायचं. साहेब म्हणाले, गरिबीमुळे आणि नवरा दूर असल्यामुळे तिनं टोकाचं पाऊल उचललं. इतकं सोपं असतं तर मीच तुला सांगितलं नसतं का? कारण एक नव्हतं. मला अजूनही ते नीट सांगता येत नाही, आणि साहेबांना अर्ध्या मिनिटात सापडलं. तुझे भाऊजी बिचारे ते ऐकून राजुऱ्याहून धावत आले. तुला आठवतं ना, पोलीस जमादार खाटेपाशी येऊन विचारत होता, चुकून झालं का जाणूनबुजून? मी तोंड उघडायच्या आत यांनी सांगितलं, चुकून. जमादारालाही बरं वाटलं, त्याला काय हौस होती माझ्यावर केस करायची. डॉक्टरांनीही तेच धरलं. चुकून झालं म्हटल्यावर कोण विचारणार, बाई, तुला झोप येते का, जेवण जातं का? मला घरी पाठवलं आणि गोळ्या दिल्या पित्ताच्या.

तू म्हणतोस, अशा माणसाला शिक्षा करायची नाही असं कायद्यात केव्हाचंच आहे. असेल. पण ते आमच्या जमादाराला, डॉक्टरला आणि श्रावण नावाच्या खाणीवरच्या ड्रायव्हरला, म्हणजे तुझ्या भाऊजींना, कोण सांगणार होतं? काल ते चौकात बॅनरखाली उभे राहून मला विचारत होते, "आता पोलीस मलेच धरतीन का वं? मी तं चुकून म्हणून सांगतलो होतो." जेवले नाहीत, परत गेले.

साहेबांना पुन्हा बोलायचं असेल तर हे लिहून दे. हे खरं आहे.


सोमवार, दुपार

काल पत्र अर्धं राहिलं. मी उठले, अंगण झाडलं, परत बसले, परत उठले. अंगण सकाळीच झाडलं होतं.

अंगणवाडीत आज पोरं कमी होती. सुगंधाबाई, माझी मदतनीस, आपणच म्हणाली, "बाया बोलून राह्यल्या, काही दिवस पोरं नाई पाठवत म्हणे. तू मनाले नको लावू." मी विचारलं, काऊन? तर ती तांदूळच निवडत राहिली. मग म्हणाली, "तुह्या हातची खिचडी म्हणते, भेव लागते." मी बावीस वर्षं या गावाची पोरं जोखली, भरवली, प्रफुल. यांच्यातल्या काहींच्या आया माझ्याच अंगणवाडीत 'एक चिमणी' म्हणायला शिकल्या.

दिव्यानीला आपण ताप आला होता असं सांगितलं होतं. शनिवारी शाळेत तिच्या मैत्रिणीच्या मोबाइलवर तिनं सगळं ऐकलं. घरी आली, दप्तर ठेवलं आणि विचारलं, "आई, मी कुठी होती तवा?" मी म्हटलं, तू शाळेत होतीस. तर म्हणाली, "मी घरी राह्यली असती तं?" मी तिला पोटाशी धरलं आणि म्हटलं, तुझ्यामुळे नाही, तुझ्यामुळे कधीच नाही. तिला ते पटलं की नाही मला माहीत नाही.

मग काल ती एकटी डोमाकडे गेली. "काका, माह्या आईचा फोटो काढा तिथून." डोमा वाईट नाही. तो रडकुंडीला आला. पण बॅनर उतरवला तर सरपंच विचारणार, ज्यांचे चेहरे आहेत ते सगळे विचारणार, काऊन काढला? मग त्यानं आपल्या डोक्यानं मार्ग काढला. शिडी लावली आणि ब्लेडनं फक्त माझा फोटो कापून घेतला. घडी करून दिव्यानीच्या हातात दिला.

बाकी बॅनर तसाच आहे. हार्दिक अभिनंदन आहे, समस्त ग्रामवासी आहेत, आणि माझ्या जागी भोक आहे. त्यातून मागची चिंच दिसते. अंगणवाडीला जायची वाट तीच आहे.

तू हसशील. मीही आधी हसले.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते लिहिते. मला परत तसं वाटायला लागलं आहे. मागच्या वेळी सुरुवात कशी झाली होती ते माहीत आहे, म्हणून ओळखू आलं. झोप नाही. खिचडीला मीठ घातलं की नाही आठवत नाही. पोरं जवळ ओरडत असतात आणि आवाज दुरून येतो. त्या भोकाकडे बघून मनात आलं की हे बरंच दिसतं, असंच असावं. आणि मला माझीच भीती वाटली.

मी गप्प नाही बसले. मागच्या वेळी बसले होते. काल संध्याकाळी सुगंधाबाईच्या घरी जाऊन तिला सांगितलं. तिनं चूल विझवली, हात पुसले आणि म्हणाली, "बरं केली सांगतली. आता मी तुह्याच घरी निजीन." कालपासून तिची चटई इथेच आहे. तिचं घोरणं म्हणजे धानाची गिरणी, पण दिव्यानीला बरं वाटतं.

आणि साहेबांनी भाषणात जो फुकटचा नंबर सांगितला, १४४१६, तो तूच लिहून दिला असशील. तो मी लावला. मराठी बोलणारी बाई होती. कारण विचारलं नाही, नुसतं ऐकलं. मग म्हणाली, गडचिरोलीला मोठ्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांना दाखवा, सोबत आपलं माणूस न्या. कोण येईल? मी म्हटलं, भाऊ आहे, पण दिल्लीला. ती म्हणाली, त्यांना माहीत आहे का तुम्हाला कसं वाटतं? मी म्हटलं, अहो, साऱ्या देशाला त्यानंच तर सांगितलं. मी हसले. ती नाही हसली. तिनं परत विचारलं, "पण त्यांना माहीत आहे का?"

नाही माहीत. तू भाषण लिहिताना एकदाही विचारलं नाहीस, ताई, आता कशी आहेस.

सुगंधाबाई उद्याच मला घेऊन जाते आहे, पहिल्यांदा दाखवायला. थांबायचं नाही असं त्या बाईनं बजावलं आहे. नंतर पुढच्या गुरुवारी परत बोलावतील, घरचं माणूस घेऊन या म्हणतील, हेही तिनंच सांगितलं. तू म्हणालास, त्याच दिवशी सभागृहात पुन्हा चर्चा आहे, साहेब परत बोलणार, आणि मी वर गॅलरीत बसलेली त्यांना दाखवायची आहे, तिकीट पाठवतोस. तिकीट नको. तिथे कोणीही बसू शकेल, आणि भाषण दुसरा कोणी लिहील. दवाखान्यातल्या बाकावर माझ्या बाजूला दुसरा कोणी चालणार नाही. यांना मी सांगेन, पण ते घाबरतील आणि परत चुकून म्हणतील. तूच पाहिजेस. तुझ्यासमोर मी एकदा खरं बोलले आहे.

हे धाक दाखवायला लिहीत नाही. राग आहेच, तू आलास की समोरासमोर भांडेन. पण ये.

तू येईस्तोवर मी आहे.

तुझी ताई,
हर्षा