तेओफिलच्या पडद्यामागची ब्लूबेरी

१२ एप्रिल

राख घातली! भट्टीतून एवढी निघाली, म्हटलं वाया कशाला घालवा. मैत्रीण अदेला म्हणाली, "लुत्सिना, राख म्हणजे बागेचं टॉनिक गं!" आणि अदेलाच्या वाफ्यात बटाटे कसे तरारतात ते आमच्या बागांची सगळी वसाहत बघते. मग मीही वाढली सगळ्या झाडांना, शाळेच्या स्वयंपाकघरात वाढायचे तशी — लाजू नका, पोटभर घ्या! लिओनार्दच्या ब्लूबेरीला तर आग्रह करकरून वाढली.

तो असता तर ओरडला असता. त्या झुडपाला मला कधी हात लावू दिला नाही. "तू स्ट्रॉबेरी बघ, रास्पबेरी बघ, पण हिच्याकडे फिरकू नकोस." हिच्याकडे! जशी काही माझी सवतच. नोव्हेंबरात तो गेला आणि सवत माझ्या पदरात पडली. बघ म्हणावं आता, तुझ्यापेक्षा जास्त लाड करते की नाही.

१३ एप्रिल

कंबर गेली. राख जड असते.

३ मे

अदेलाने स्ट्रॉबेरीची रोपं आणून दिली. मी हूं की चूं केलं नाही, टोपली घेतली आणि पाठ फिरवली. रोपाचे आभार मानले की ते जगत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गेल्या वर्षी तिची नवी सून गोड हसून "थँक्यू हं" म्हणाली आणि आठवड्यात रोपं झोपली. सगळ्यात बरं म्हणजे चोरलेलं रोप. ते तर बहरतंच. आभार मानायचा प्रश्नच येत नाही ना!

कुंपणापलीकडचा तेओफिल दिवसभर ट्रॉम्बोन वाजवत होता. अग्निशमन दलाच्या बँडमधून निवृत्त झाला, पण वाजवायचं काही सोडत नाही. माझ्याशी तो दोन उन्हाळे बोललेला नाही. का, तर माझ्या रास्पबेरीच्या मुळ्या कुंपणाखालून त्याच्याकडे फुटल्या. आता रास्पबेरी काय पासपोर्ट काढून हिंडते? तेव्हापासून जे काही सांगायचं ते तो त्याच्या कुत्रीला सांगतो. आखूड पायांची, लांबलचक, नाव शिश्का. आज म्हणे, "शिश्का, काही लोकांनी पाण्याचा नळ उघडा टाकलाय." मीही शिश्कालाच म्हटलं, "बाई गं, मालकाला सांग, बंद करतेय!"

कुत्री बिचारी इकडून तिकडे मान फिरवून दमली.

१४ मे

आजपासून उद्यापर्यंत जीव मुठीत. मे महिन्यातल्या त्या तीन थंड संतांचे, थंडी परत आणणारे सण झाले, आता उद्या थंड सोफियाचा. तिच्या दिवशी गोठलं की फुलं काळी पडतात, मग वर्षभर फळाच्या नावाने शंख. ब्लूबेरी आत्ताच फुललीय. घरात शोधशोध शोधलं, शेवटी लिओनार्दचा हिवाळी कोट काढला आणि झुडपाला घातला. बटणंही लावली. लांबून बघितलं तर तोच वाकून काहीतरी करत उभा आहे असं वाटलं. मग जाऊन कॉलर नीट केली.

तेओफिलची ब्लूबेरी काय, बारा महिने झाकलेली! शेडमागे कुठेतरी आहे म्हणतात, भोवती जुना फुलाफुलांचा पडदा. आजवर तिचं फळ कोणाच्या दृष्टीस पडलेलं नाही. देत नाही, दाखवत नाही, विकतही नाही. एकटा खातो. असला चिक्कू माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

१६ मे

फुलं वाचली! सोफियाबाई, पुढल्या वर्षी भेटू.

२ जून

पानं पिवळी पडलीत. शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी सगळं लिंबासारखं. परवा दोन-चार होती, आज अख्खं झुडूप. मी खाली वाकून बघतेय तोच कुंपणापलीकडून आवाज, "शिश्का, तुला म्हणून सांगतो. ब्लूबेरीला आंबट माती लागते. पाइनच्या सुया, पाइनची साल. कोणी राख घातली ना, की मातीतला आंबटपणा मरतो आणि मग झुडूपही."

मी म्हटलं, "शिश्का, तुझ्या मालकाला म्हणावं, आपल्या पडद्यात बघ!"

एवढं बोलून शेडमध्ये गेले आणि दार लावून रडले. मीच मारली तिला. बादलीने, हौसेने, वर आग्रह करकरून.

३ जून

राख खरवडून काढली. वर आंबट म्हणून काकडीच्या लोणच्याचं पाणी ओतणार होते. पलीकडून तेओफिल केवढ्याने किंचाळला, "शिश्का! त्यात मीठ असतं!" बरणी हातातून पडता पडता राहिली.

११ जून

काही उपयोग नाही. फांद्या मोडल्या की कटकन आवाज येतो. फळं धरली होती तीही सुरकुतून गळाली.

मला फळांचं एवढं नाही. मला ऑगस्टचा शेवटचा रविवार डोळ्यांसमोर दिसतो. लिओनार्दची ब्लूबेरी सगळ्यांत उशिरा पिकायची. बाकीच्यांची झुडपं रिकामी झाली की साहेब पांढरा शर्ट घालून, एनॅमलचं भांडं छातीशी धरून वसाहतीच्या गल्लीगल्लीतून निघायचे. प्रत्येक फाटकाशी थांबायचं, एक-एक मूठ वाटायची. मोठाली, चपटी फळं. आधी आंबट — इतकी, की एक डोळा आपोआप मिटतो — आणि मग मागून सावकाश गोड. लोक डोळा मिटायचे आणि हा लहान पोरासारखा हसायचा. एक तेओफिल तेवढा कधी घ्यायचा नाही. "नको, पोटाला सोसत नाही," म्हणून आत जायचा. शिष्ट!

हे झुडूप कुठून आणलं, ते लिओनार्दने मला कधी सांगितलं नाही. विचारलं की मिशीत हसायचा.

यंदा भांडं रिकामं. आणि पुढल्या वर्षीही. त्याच्या नावाने एवढी एकच गोष्ट दरवर्षी पार पाडायची होती, तीही मला जमली नाही.

१५ जून

तिच्या जागेवर दुसरी लावायची. बाजारातली नको, तिला आमची माती मानवेल न मानवेल. इथेच रुजलेल्या झुडपाची काडी हवी. म्हणजे कुठली? म्हणजे पडद्यामागची!

मागावी का? मेले तरी मागणार नाही. आणि मागितलेली कुठली जगतेय!

गुरुवारी देवाच्या देहाच्या सणाची मिरवणूक आहे. तेओफिल सणापुरता बँडमध्ये वाजवणार. अख्खी वसाहत चर्चपाशी. देव मला क्षमा करेल, त्या दिवशी त्याला बाकी बरीच कामं असतात.

१९ जून

झालं!

मिरवणुकीत रस्त्यावर मांडलेल्या पहिल्या वेदीपर्यंत गेले, गुडघे टेकले, अदेलाच्या कानात "गॅस चालू राहिला गं" म्हटलं आणि निघाले. वेदीला बांधलेल्या बर्चच्या चार फांद्या मोडून घेतल्या. त्या सगळेच घेतात, वाफ्यात खोचल्या की कीड लागत नाही. मी घेतल्या त्या मात्र मुद्देमाल लपवायला!

आणि मूर्ख म्हातारा फाटक सताड उघडं टाकून गेला होता! एवढा हुशार समजतो स्वतःला! आत गेले, शेडला वळसा, पडदा बाजूला. आई गं, काय झुडूप! माझ्या खांद्याला लागतंय. बुंध्याशी पाइनच्या सुयांची गादी. बाजूच्या स्टुलावर छाटायची कात्री, पुसून लखलखीत. म्हटलं, आयतीच सापडली! कोवळ्या, हिरव्या काड्या कापल्या आणि बर्चच्या फांद्यांत खुपसल्या. शिश्का पायरीवर पडून सगळं बघत होती. भुंकली नाही. भुंकेल कशी, सॉसेज दिलं होतं.

बाहेर पडतेय तोच गल्लीच्या तोंडाशी तेओफिल! खांद्यावर ट्रॉम्बोन, घामाघूम. माझ्या काखेतल्या जुडीकडे त्याने एकदा बघितलं. मग कुंपणावरच्या चिमणीला म्हणाला, "बर्च असली तरी पाण्यात ठेवावी. मग हलकी माती आणि वर काचेची बरणी. उन्हात नको."

बर्चवर बरणी! माणसाचं डोकं उन्हाने फिरलंय.

पण काड्यांवर मात्र बरण्या पालथ्या घातल्या. काय वाटलं कोण जाणे.

२१ जून

माझ्या फाटकाशी एक पोतं कोणीतरी विसरलंय. आत काळी, भुसभुशीत माती आणि पाइनच्या सुया. अदेलाला विचारलं, तिचं नाही. मग मी तरी कशाला चौकशी करत बसू? आत ओढून घेतलं. एकदा चोर झालं की संकोच राहत नाही.

३० जून

माझा नाव-दिवस, माझ्या नावाच्या संतिणीचा सण, आमच्याकडे वाढदिवसासारखाच. अदेला चीजचा केक घेऊन आली, आम्ही चेरीच्या दारूचे दोन-दोन पेले घेतले, तिसरा कोणी मोजला नाही. तिची नजर बरण्यांवर गेलीच.

"हे काय गं?"

"बर्च."

"बरणीत?"

"ही नवी पद्धत आहे."

पलीकडून ट्रॉम्बोनवर वाढदिवसाला वाजवतात ती चाल सुरू झाली. अदेला म्हणाली, "तुझ्यासाठी वाजवतोय बघ!" तर लगेच पलीकडून, "शिश्का, सराव करायलाही बंदी आहे का आता?" अदेला हसून हसून केकवर पडली.

मला बरं वाटलं. इथे लिहिते, बाहेर नाही बोलणार.

२९ जुलै

लिओनार्दची ब्लूबेरी गेली. शेवटचं पान काल गळलं. मुळासकट काढावी लागली. फावडं मारलं तेव्हा म्हटलं, "माफ कर रे." सवत सवत म्हणत होते, पण ती होती तोवर तो इथे कुठेतरी होता.

मग बरण्यांपाशी गेले. काडीला अगदी हलकं ओढून बघितलं. आली नाही वर! दुसरी, तीही नाही. मुळं धरलीत! मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

तरी काहीतरी टोचत होतं. त्याच्या जागी तेओफिलची! त्याच्या भांड्यात कधी बोट न घातलेल्या माणसाची!

२४ ऑगस्ट

गल्लीतून जाताना सगळे विचारतात, "लुत्सिनाबाई, पुढच्या रविवारी भांडं फिरणार ना?" मी म्हणते, "बघू." राखेचं कोणालाच सांगितलं नाही. तेओफिलने सांगितलं असेल. पण नाही वाटतं, नाहीतर लोक विचारते कशाला?

३१ ऑगस्ट

फाटक बंद करून आत बसले होते. थापा पडल्या. तेओफिल. पांढरा शर्ट, बरोबर कुत्री नाही, हातात फुलाफुलांच्या पडद्याने झाकलेला टोप.

"लुत्सिनाबाई," म्हणाला. थेट मला! "भांडं आणा. आज फिरवायचं असतं."

"तुमची फळं मी फिरवू? लिओनार्दच्या नावाने?"

"आधी खाऊन तर बघा."

पडदा काढला. मोठाली, चपटी. एक तोंडात टाकलं. आणि माझा एक डोळा आपोआप मिटला.

मी दुसरं उचललं. तोच खाली बघत म्हणाला, "त्याचीच आहे. किती वर्षं झाली! तुम्ही दोघं मिरवणुकीला गेला होतात आणि मी कात्री घेऊन तुमच्याकडे शिरलो. म्हणून तर पडदा. म्हणून तर त्याच्या भांड्यातलं घेववत नव्हतं."

"त्याला कळलं नाही?"

"कळलं नसतं तर जाताना फाटक उघडं टाकून गेला असता? लिओनार्द? दोनदा कडी बघणारा माणूस?"

मला जूनमधलं तेओफिलचं फाटक आठवलं. सताड उघडं. पुसलेली कात्री. पोतं.

त्या बरण्यांखाली माझा लिओनार्दच उगवतोय. मी रडले, तेओफिलच्या समोर, चांगली हुंदके देऊन. आभाराचा शब्द ओठांपर्यंत आला होता. जीभ चावली आणि गिळून टाकला. रोपं जगायला हवीत.