दादाचे दगड

४ मार्च
आला! फोन नाही, काही नाही — दोन गोण्या दगड घेऊन थेट बाथरूममध्ये. समुद्रावर गेला होता म्हणे. 'बाबांच्या माशांसाठी', एवढंच बोलला. माझ्या दोन्ही बादल्या आणि कपड्यांचा टब अडवून बसलाय!

बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून पलंगाशेजारची ती खाऱ्या पाण्याची टाकी हाच त्यांचा विरंगुळा. पाणी बदलते मी, मीठ कालवते मी, काच पुसते मी. आणि दगड आणणार दादा! आहेत त्या दगडांना काय धाड भरलीय?

दारात उभी राहून चांगलं झापलं. हा आपला गोणीतले दगड टबात ओततोय. बाबांनी डोळे मिटून घेतले. त्यांनाही हा पसारा सहन होत नाही.

५ मार्च
दिवसभर ब्रशने घासतोय. दगडांच्या भोकांतून शेवाळ, किडे, एक मेलेला खेकडा — शी! वर माझं व्हिनेगर संपवलं. प्रत्येक दगडावर दोन थेंब. फसफसला तर चुन्याचा, खाऱ्या पाण्याला चांगला म्हणे, तो ठेवायचा; नाही तर बाजूला. एक दगड ताटलीत घालून बाबांना दाखवायला नेला. फसफस झाली आणि बाबा हसले. मोठ्याने! मी इथे मर मर मरते, माझ्याकडे बघून कधी असे हसलेत?

म्हटलं, 'आयतं कौतुक करून घ्यायला बरा येतोस!'

'हळू बोल गं', म्हणे. मला शिकवतोय!

७ मार्च
आता दगड ब्लीचमध्ये. घरभर वास, डोळे चुरचुरतात. ओरडून सांगितलं, 'नीट धुतले नाहीस तर मासे मरतील!'

'माहितेय मला.'

माहितेय म्हणे! मनात आलं, मरू दे एखादा. बाबांना कळू देत लाडक्याचे प्रताप.

१० मार्च
अजून धुणंच चाललंय. पाणी बदल, दगड हुंग, पुन्हा पाणी बदल. बघूनच डोकं फिरतं.

१३ मार्च
गच्चीत दगड खडखडीत वाळलेत. तो नसताना एक उचलून नाकाशी धरला. कसलाच वास नाही! खोट काढायला जागाच ठेवली नाही मेल्याने. खाली आले तर दारात दूधवाला. सगळा राग त्याच्यावर निघाला.

१५ मार्च
सकाळी दादा दगड कागदात गुंडाळून खोक्यात भरत होता. म्हटलं, 'टाकी इकडे आहे. डोळे फुटले का?'

'या टाकीसाठी नाहीतच ते. माझ्याकडे नवीन घेतलीय. उद्या बाबांना घेऊन जातोय.'

घेऊन जातोय! बाबा म्हणजे काय गोणी आहे? तोंडाला येईल ते बोलले. वहिनीचाही उद्धार केला. शेजारपाजारचे दारात जमले. जमू देत! बाबांना म्हटलं, एकदा सगळ्यांसमोर सांगून टाका, मी इथून हलणार नाही म्हणून. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. किती दुखावलेत बिचारे!

१६ मार्च
बाबा आज आपणहून बोलले. एकेक शब्द जुळवत. 'मीच बोलावलं त्याला. इथे फार आवाज असतो.'

घरात बोलणारी तर मी एकटीच.