धुरपताबाईंच्या मालकाचा परिच्छेद

पवनी

प्रिय रिता,

शाळेतून परतताना तुझ्या सायकलची चेन पडायची, आठवतं? पांढऱ्या युनिफॉर्मला वंगण लागेल म्हणून मी दूर उभी राहायची. तू मात्र पेडल हळूहळू उलटं फिरवत चेन नेमकी कुठे अडते ते बघत बसायचीस. घाई नाही, चिडचिड नाही. परवा फोनवर तुझ्या आवाजात तोच शांतपणा ऐकला.

धानाची रोपं लावायला, रोवण्याला जाणाऱ्या इथल्या बायकांच्या आठवणींचं पुस्तक करायचं, म्हणून तू मला कॉम्प्युटरवर तो टाइपसेटिंगचा एडिटर लावून दिलास. अक्षरं मी फार मोठी ठेवते, त्यामुळे ओळी पडद्याबाहेर पळतात. त्या आवरायला, ओळी तोडून परिच्छेद पडद्यात नीट बसवणारी कळ दाबावी लागते. ती दाबली की परिच्छेद जोडले जाऊन सगळ्या बायका एकमेकींत मिसळायच्या. तसंच वाचून दाखवलं तर धुरपताबाई म्हणाल्या, "माह्या मालकाले ललितेच्या घरी काहून पाठवलं वो बाई?" ललिताबाई म्हणाल्या, "राहू दे, भांडे घासंल." सगळ्या हसल्या, धुरपताबाई हसल्या नाहीत. त्यांचा मालक वैनगंगेच्या पुरात गेला. त्याच्याबद्दल कागदावर लिहिलेला हा एवढा एकच परिच्छेद आहे.

मी एडिटरला नावं ठेवत होते. तू म्हणालीस, आधी फाइलची नक्कल कर, मग तिच्यातली अर्धी काढून टाक. दोष अजून आहे? मग उरलेल्यातली अर्धी काढ. असं करत दोनच परिच्छेद उरले, तरी कळ दाबली की ते एकमेकांत शिरायचे. तेव्हा तू विचारलंस, अंजू, नवा परिच्छेद सुरू कसा करतेस? दोन बोटं जागा सोडून, मी म्हटलं, शाळेत सिस्टरनी शिकवलं तसं. मध्ये ओळ कोरी सोडली तर कागद वाया जातो म्हणून त्या रागवायच्या ना. तू कितीतरी वेळ हसत होतीस. त्या एडिटरला मध्ये कोरी ओळ दिसली तरच परिच्छेद संपल्याचं कळतं म्हणे. मला वाटलं, आता ही माझी सवय मोडायला लावणार. पण दुसऱ्या दिवशी तू अशी सोय करून पाठवलीस की दोन बोटं जागा दिसताच एडिटर स्वतःच वरची ओळ कोरी सोडतो. या वयात दुसऱ्याच्या सवयीसाठी इतके कष्ट कोण घेतं गं? मालक आपल्या जागी आला, तसा धुरपताबाईंनी तो परिच्छेद मला पुन्हा वाचायला लावला.

आता खरं सांगते. अक्षरं मोठी ठेवते ती हौसेनं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय, दोन्ही डोळ्यांची मधली नजर जातेय आणि गेलेली परत येणार नाही. शेवटच्या काही आठवणी रेकॉर्ड केल्या आहेत. त्या टाइप करणं माझ्याच्यानं होणार नाही, ते तू कर. पुस्तक छापून आलं की पहिली प्रत धुरपताबाईंना. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा ती त्यांच्या नातीच्या, खुशबूच्या हाती दे आणि मालकाचं पान दुमडून ठेव. ललिताबाईंना दोन, एक त्या माहेरी आंबागडला धाडतील. कॉम्प्युटर खुशबूला. माझी प्रत तुझ्याकडेच राहू दे. फोनवर वाचून दाखव, रोज थोडी थोडी.

तुझीच,
अंजू