जावईबापूंचं प्लगइन आणि सी विंगचं पाणी

नवघर रोड, भाईंदर (पूर्व)
१२ एप्रिल २००९

राजमान्य राजेश्री कौस्तुभराव जावईबापू यांस सप्रेम नमस्कार. (आशीर्वादच देणार होतो, पण तुमचे उपकार झाल्यापासून हात तेवढा वर जात नाही.)

नाशिकला ऊन कसं आहे? संचिताचा खोकला गेला का? आमचं बरं चाललंय, म्हणजे तुमच्या सासूबाई माझ्याशी बोलतायत.

जावयाला काम सांगू नये, त्याला आहेर करावा, हा आपल्याकडचा रिवाज. तो मोडून मी सोसायटीच्या वेबसाइटला जोडायचं प्लगइन तुमच्याकडून करून घेतलं याची सुरुचीला लाज वाटते. मला वाटत नाही, कारण मी सी विंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो. पाणी एक दिवसाआड, आणि ते कधी सुटणार हे फक्त वॉचमन धर्माजींना ठाऊक. ते पहिली हाक ए विंगखाली मारणार (तिथून पोहे येतात), मग बी विंगखाली (तिथून नुसता चहा), आणि आमची पाळी येईपर्यंत नळात फक्त आवाज उरलेला. सुरुची गुडघ्याला पट्टा बांधून खालून कळशा चढवत होती. शेवटी ती म्हणाली, "मी लेकीकडे जाऊन राहते, तुम्ही बसा वेबसाइट बघत." ही बाई बोलते ते करते, म्हणून घाबरून तुम्हाला फोन केला.

आणि तुम्ही काय सुरेख युक्ती काढलीत! धर्माजींनी पाणी सोडलं की ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरचं बटण दाबायचं, की सगळ्या घरांच्या मोबाइलवर एकाच क्षणी एसेमेस, 'पाणी आले'. पोह्यांचा प्रश्नच मिटला.

तुमची पहिली सीडी मात्र वेबसाइटनं घेतलीच नाही. उघडून पाहतो तर फोल्डरच्या आत त्याच नावाचा फोल्डर आणि त्याच्या आत प्लगइन. ही बांधाबांध तुम्ही आमच्या संचिताकडून उचललेली दिसते. (सासरी जाताना तिनं लोणच्याची बरणीसुद्धा पिशवीत पिशवी घालून नेली होती.) दुसरी सीडी लगेच लागू पडली.

आता चाचणीचं सांगतो. आधी वेबसाइटची नक्कल करून तिच्यावर चाचणी घ्या, असं तुम्ही बजावलं होतंत. पण नकलेत पास होऊन काय मिळवायचं, असा विचार करून मी रविवारी सकाळी खऱ्या वेबसाइटवरच बटण दाबलं. प्लगइन इतकं चोख चाललं की सगळी सोसायटी आधी नळाकडे धावली आणि मग माझ्याकडे. तळमजल्यावरचे मेहताभाई अर्ध्या आंघोळीतून टॉवेलवर आले. "उत्तमभाई, पानी किधर है? मैं तो पूरा साबुन में है!" मी शांतपणे सांगितलं, पाणी नाही, पण निरोप वेळेवर पोचला की नाही? त्यावर ए विंगच्या आनंदीबाई म्हणाल्या, "मग धुवा की त्यांना निरोपानं!"

असो. सोमवारी खरं पाणी आलं आणि सगळ्यांना एकदमच कळलं. कालच्या सभेत तुमच्या नावानं टाळ्या पडल्या. मेहताभाईंनीही वाजवल्या. मी आयुष्यात बऱ्याच जणांना नावं ठेवली, पण तुमच्या बाबतीत ठेवायला जागाच सापडत नाही. जन्मभर ऋणी आहे, हे अगदी मनापासून लिहितोय.

आपला,
उत्तम

ता.क. एक बारीक गोष्ट राहिली. सगळ्यांना एकदम कळल्यामुळे सगळे नळ एकदम सुटतात, आणि चौथ्या मजल्यावर पूर्वी आवाज तरी यायचा, आता तोही येत नाही. सुरुचीनं माळ्यावरची बॅग खाली काढली आहे. तरी आमच्या एका नंबरला एसेमेस पाच मिनिटं आधी येईल, एवढं त्या प्लगइनमध्ये बसवाल का? कोणाला दिसता कामा नये. ई-मेल करू नका, सोसायटीची मेल सेक्रेटरी वाचतात.

ता.क. २. सुरुची म्हणते, पाच मिनिटांत पिंप भरत नाही. दहा करा.

ता.क. ३. बी विंगच्या चौथ्या मजल्यावरचे बबनराव काल तुमचा पत्ता घेऊन गेले. आभाराचं पत्र लिहायचंय म्हणाले. त्यांचं पत्र आलं तर ते नुसतं आभाराचंच समजावं, आणि ता.क. वाचू नये.