भाऊजींचा सौदा

अमरावती, ६ जानेवारी २०२५

चि. सौ. कौशल्यास, माणिकताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मी रडते आणि तू रागावतेस, म्हणून लिहायला घेतलं. सूनबाई करिश्मा पत्राचा फोटो तुझ्या मोबाइलवर पाठवेल.

तुझ्या भाऊजींच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, पण माणूस ताळ्यावर नाही. दवाखाना त्यांना वरूडची संत्रामंडी वाटतो. डॉक्टरांना आपल्या संत्र्यांचा दर विचारतात. सलाईनची नळी उपटली म्हणून काल त्यांचे हात खाटेला बांधले. मी पाणी पाजायला गेले तर म्हणाले, "बाई, तुमी व्यापारी असान. माही बायको येऊ द्या. तिले इचारल्याबिगर मी बगीचा देत नाई."

कौशल्या, या माणसाने बैल घेतले, ट्रॅक्टर घेतला, मला एकदा विचारलं नाही. आधी हसू आलं, मग रडू आवरेना.

किशोर म्हणतो, बाबांचं डोकं गेलं, आता हे असंच चालणार. तू जन्मभर नर्सची नोकरी केलीस. खरं सांग, माझा माणूस परत येईल का?

माया आहेच, ती कागदावर किती लिहू.
तुझी माणिकताई

अकोला, ७ जानेवारी

ती. सौ. माणिकताईस, कौशल्याचा शि. सा. न. वि. वि.

किशोरला सांग, डॉक्टरकी मावशीकडे राहू दे. डोकं गेलेलं नाही, गोंधळलंय. मोठ्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना असा भ्रम होतो. आमच्या वॉर्डात एक गुरुजी पंख्यांची हजेरी घ्यायचे. बरे होऊन पेढे घेऊन आले.

पण त्यामागे कारण असतं आणि ते शोधावं लागतं. डॉक्टरांना विचार, लघवीत जंतू आहेत का, पोट साफ होतं का, एखादी नवी गोळी बाधली का. हात बांधले की माणूस आणखी भितो. जवळ घरचं माणूस बसतं, हात सोडा, असं सांग. खाट खिडकीकडे घ्यायला लाव, दिवसा जागं ठेव. वाद घालू नकोस, तू कोण आणि ते कुठे आहेत एवढं शांतपणे सांगत राहा.

आणि भाऊजींचा चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी कुठे आहे? करिश्माने पाठवलेल्या फोटोत तोंड अगदी बोळकं दिसतंय.

लोभ आहे तसाच ठेव, रागावलीस तरी.
तुझी कौशल्या

अमरावती, ७ जानेवारी

चि. सौ. कौशल्यास, आशीर्वाद.

तिन्ही वस्तू सुखरूप आहेत. दवाखान्यात चोऱ्या होतात, म्हणून भरती केलं त्याच दिवशी रुमालात बांधून राजापेठेत घरी कपाटात ठेवल्या. किल्ली माझ्या कमरेला आहे. त्याची काळजी नको.

माणिकताई

अकोला, ७ जानेवारी

ती. सौ. ताईस नमस्कार.

नवऱ्याचे डोळे, कान, दात कपाटात कोंडलेस आणि वर म्हणतेस मला ओळखत नाही. समोर नुसती धूसर साडी, कानात गलका. त्यांना मंडी दिसणार नाही तर काय? चोर आलाच तर ती कवळी त्याला बसायची नाही. माझा गुडघा धड असता तर मीच येऊन कुलूप तोडलं असतं. पत्र ठेव आणि आधी घरी जा.

तुझीच आगाऊ कौशल्या

अमरावती, १६ जानेवारी

चि. सौ. कौशल्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

लघवीत जंतू निघाले, औषध सुरू झालं. दामिनी सिस्टरने हात सोडले. किशोर आणि मी पाळीपाळीने हात धरून बसलो. चष्मा, मशीन लावलं तरी मधूनमधून मंडी भरतच होती. मग एका सकाळी माझ्याकडे बघून म्हणाले, "माणिक, कवाची बसून हायेस वं? चा घेतला का?" मी दामिनीसमोर ढसाढसा रडले. आता ती प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटच्या घरच्यांना आधी चष्मा आणि मशीन विचारते. आणखी एकाचं मशीन घरच्या कपाटातच निघालं. म्हणजे मी एकटीच शहाणी नाही.

आज वरूडचा व्यापारी तीळगूळ घेऊन आला आणि आमच्या बगीच्यातल्या संत्र्यांचा दर बोलला. हे हो म्हणणार, तोच थांबले. चष्मा सारखा केला, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "काय म्हनतं वं? देऊ काय?"

भ्रमात काय बोलले ते मी त्यांना सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो आला आणि मला एक आकडा सुचेना. उद्या सांगते म्हटलं.

व्यापारी उद्या परत येतोय. किशोरला विचारलं तर तो यांना सांगेल. अकोल्यात संत्र्याचा भाव काय चाललाय, तेवढं आजच कळव.

तुझ्या आगाऊपणावर जीव असलेली,
माणिकताई